घरी केलेले चिलखत अंगावर टिकावे कसे?

कराडच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्नेहसंमेलनातील एका नाट्यप्रवेशासाठी त्याने एका गाजलेल्या चित्रपटातील खलनायकाचे काळे, कंगोरेदार चिलखत व्यायामशाळेत अंथरतात त्या फोमच्या चटयांपासून घरीच तयार केले. दिसायला ते उत्तम झाले. पण पहिल्याच तालमीत उजव्या खांद्याचे कवच निखळून पडले, सिंहासनावर बसताच छातीचे कवच हनुवटीला टेकू लागले, पायांची कवचे चालता चालता घोट्यांवर उतरली आणि पाठीकडची वेल्क्रोची पट्टी घामाने सुटली. सगळी जोडणी ग्लू गनने केलेली आहे आणि प्रयोगाला १७ दिवस उरले आहेत. त्याला हवे आहे ते एका ओळीचे उत्तर : सर्वांत मजबूत चिकटद्रव्य कोणते?

त्या एका ओळीने त्याचे काम होणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सांगलीत हौशी नाटके, शाळांची संमेलने आणि गणेशोत्सवातील जिवंत देखावे यांचा कपडेपट मी २६ वर्षे सांभाळत आलो आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी रामायणातील आख्यान रंगभूमीवर आणले ते याच गावात. त्यामुळे राक्षसांना सजवण्याचा आमचा अनुभव जुना आहे, असे आम्ही कपडेपटवाले गमतीने म्हणतो. खलनायकाचे नाव प्रश्नात दिलेले आहे, पण ते येथे घेण्याची गरज वाटत नाही. छाती, पाठ, दोन खांदे, दोन मनगटे, दोन पिंढऱ्या, कंबरपट्टा आणि मागे लोळणारा झगा, एवढे सामान अशा प्रत्येक खलनायकाकडे असते, आणि ते निसटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात.

आता मूळ अडचण पाहू. त्याने सांगितलेल्या चार तक्रारींपैकी चिकटद्रव्याशी संबंध आहे तो फक्त शेवटच्या तक्रारीचा. खांदा निखळला, कारण तो छातीच्या कवचाला थेट चिकटवलेला होता. हात वर नेला की खांद्याच्या कवचाला वर आणि आत सरकावे लागते. त्याला सरकण्यास वाव नसला, तर प्रत्येक वेळी हात त्या जोडाला पहारीने उचकटल्यासारखा उचकटतो. अधिक मजबूत चिकटद्रव्य लावले असते, तर जोड टिकला असता आणि जोडाच्या शेजारचा फोम फाटला असता. छातीचे कवच वर चढले ते लांबीमुळे, आणि पायांची कवचे उतरली ती पट्टा चुकीच्या जागी असल्यामुळे. म्हणजे खरा प्रश्न ‘कशाने चिकटवू’ हा नसून ‘प्रत्येक भागाचे वजन अंगावर कोठे टेकते आणि अंग हलले की तो भाग कोठे जातो’ हा आहे. याचे उत्तर ठरल्याशिवाय फोमला सुरी लावू नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. प्रश्नकर्त्याचा फोम कापून झाला आहे, तरीही त्यातील बहुतेक काम वाचवता येईल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत. पात्र रंगमंचावर किती वेळ असते, नुसते उभे राहते की तलवार चालवते, मधल्या वेळेत कपडे चढवायला कोणी मदतीला असते का, नट सडपातळ आहे की पोट सुटलेला, प्रयोग बंद सभागृहात आहे की उघड्या मैदानावर, यांतील एकही गोष्ट बदलली तर माझ्या उत्तरातील एखादा तपशील बदलतो. चित्रपटातील चिलखत पाहून आपली फसगत होते तीही येथेच. तेथे प्रत्येक तुकड्याच्या चित्रीकरणापूर्वी कोणी तरी येऊन पट्टे सारखे करते आणि बसण्याच्या दृश्यासाठी वेगळे, आखूड कवचही वापरता येते. आपल्या नटाला एकदा विंगेतून बाहेर पडल्यावर परत येईपर्यंत कोणी हात लावणार नसते.

वजनाचा विचार करताना मी घोड्याचे खोगीर डोळ्यांसमोर ठेवतो. खोगीर घोड्याच्या पाठीवर पेलले जाते आणि पोटाखालून आवळलेल्या तंगामुळे ते कलंडत नाही. पेलणारी जागा वेगळी आणि रोखणारा पट्टा वेगळा. चिलखताच्या प्रत्येक भागाला ही दोन्ही कामे नेमून द्यावी लागतात. माणसाच्या अंगावर पेलणाऱ्या जागा दोनच आहेत : खांद्याचा मानेकडचा निम्मा भाग आणि कमरेचे हाड. छाती, पाठ, खांद्यांची कवचे आणि झगा खांद्यांवर यावेत. मांड्यांवरचे भाग व तलवार कमरेवर यावी. दंडाला, मांडीला किंवा पोटरीला आवळलेला पट्टा वजन पेलत नाही. तो घट्ट केला तर रक्त अडते आणि सैल केला तर घसरतो. त्याच्याकडून फक्त रोखण्याचे काम घ्यावे.

ही युक्ती माझी नाही. आपल्याकडे मोगल आणि मराठा काळात वापरात असलेल्या चार-आईना या प्रकारात छाती, पाठ आणि दोन कुशी यांसाठी चार पत्रे असत. ते पट्ट्यांनी आणि बक्कलांनी एकमेकांना जोडून जाळीच्या चिलखतावर घालत, आणि कुशींच्या पत्र्यांना काखेपाशी खोलगट कापलेले असे. युरोपातील पोलादी चिलखतात हातापायांचे बरेच भाग आतल्या जाड बंडीला वाद्यांनी बांधलेले असत. जे लोक पोलाद घालून खरोखर लढत होते, त्यांनीही ते एकसंध केले नाही. आपण फोमचे करताना एकसंध करायला जातो, कारण आपण वस्तू चित्रात पाहिलेली असते, अंगावर घातलेली नसते.

म्हणून पहिली सूचना : चिलखताच्या आत घालायची एक बिनबाह्यांची बंडी शिंप्याकडून शिवून घ्या. मांजरपाटाचे दोन थर किंवा पातळ कॅनव्हास पुरेसा आहे. ती पुढून उघडणारी, अंगाला बेताची घट्ट आणि कमरेच्या हाडापर्यंत लांब असावी. दोन्ही खांद्यांवरून, पुढच्या खालच्या काठापासून मागच्या खालच्या काठापर्यंत, दीड इंच रुंदीची नायलॉनची निवार, म्हणजे शाळेच्या दप्तराला असते तशी पट्टी, शिवून घ्यावी. चिलखताचा प्रत्येक भाग या निवारीला अडकेल, कापडाला नव्हे. कापड फक्त निवार जागेवर ठेवते आणि घाम शोषते. निवार, बक्कले आणि कड्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे एकत्र मिळतात, आणि त्याचे शिलाई मशीन जाड थरांतून सहज जाते. घरच्या मशीनवर हे काम करताना सुया मोडतात. ही एक बंडी केली की पुढची निम्मी दुखणी निर्माणच होत नाहीत.

छातीच्या कवचाच्या लांबीची परीक्षा खुर्चीत बसून करावी, आरशासमोर उभे राहून नव्हे. बसल्यावर मांडी आणि बरगडी यांमधील अंतर बरेच कमी होते, आणि तेथे आलेल्या फोमला वरच जावे लागते. नटाला ताठ बसवून कवचाचा खालचा काठ शेवटच्या बरगडीच्या जरा खाली येईल तेथे खूण करावी आणि उरलेला भाग सरळ कापून वेगळा करावा. हा कापलेला पोटाचा भाग टाकून द्यायचा नाही. त्याच्या आडव्या दोन किंवा तीन पाकळ्या कराव्यात, वरची पाकळी खालच्या पाकळीवर बोटभर येईल अशा बेताने, आणि आतल्या बाजूने निवारीच्या तीन उभ्या पट्ट्यांवर त्या फक्त वरच्या काठाने चिकटवाव्यात. बसले की पाकळ्या एकमेकींवर सरकतात आणि उठले की पुन्हा लांब होतात. प्रेक्षकाला मात्र अखंड कवच दिसते, उलट अधिकच भारी दिसते.

मापाबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण दोन्ही कुशींना फट राहते ही तक्रार मी नेहमी ऐकतो. जाड फोम अंगाभोवती वळवला की त्याची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते. छातीचा घेर ९६ सेंटिमीटर असेल आणि फोम १० मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याची लांबी घेरापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर जास्त धरावी लागते. आतले कपडे आणि श्वासाचा फुगवटा त्यात वेगळा मिळवायचा. अंगावर कपड्यावरून स्वयंपाकघरातील पातळ प्लास्टिकची गुंडाळी लपेटून, तीवर चिकटपट्टीचे दोन थर देऊन, पेनने रेषा आखून ती सोलून काढली की हुबेहूब साचा मिळतो. पण तो साचा अंगाचा असतो, चिलखताचा नव्हे. जाडी त्यात मिळवावीच लागते. प्रश्नकर्त्याने हे केले नसेल तर कुशीतील फट भरण्याच्या मागे लागू नये. चार-आईन्याप्रमाणे कुशीला वेगळा, अरुंद तुकडा आतून घालावा आणि त्यावर बक्कल लावावे. ज्या फटीवर बक्कल असते ती फट मुद्दाम ठेवलेली वाटते.

आता खांदा. येथे थोडे थांबतो, कारण खलनायकाचा सगळा रुबाब खांद्यांत असतो आणि सर्वांत जास्त अपघातही तेथेच होतात. खांद्याचे कवच छातीच्या कवचाला अजिबात जोडू नये. मानेकडच्या टोकाला आतून निवारीचा चार बोटे लांबीचा तुकडा लावावा आणि तो बंडीच्या खांद्यावरील निवारीत बक्कलाने किंवा टिच बटणांच्या जोडीने अडकवावा. ही झाली पेलणारी जागा. तो तुकडा बिजागरीसारखा वागतो, म्हणून हात वर गेला की सगळे कवच मानेकडे उचलले जाते आणि हात खाली आला की आपोआप बसते. रोखण्यासाठी दंडाभोवती दोन बोटे रुंदीचे इलॅस्टिक द्यावे. ते कवचाच्या खालच्या पाकळीला लावावे, वरच्या नव्हे. कवच तीन पाकळ्यांचे असेल तर पाकळ्यांनाही पोटाप्रमाणेच आतून निवार द्यावी, मात्र मधली पट्टी निवारीची आणि दोन्ही बाजूंच्या इलॅस्टिकच्या ठेवाव्यात, म्हणजे पाकळ्या पंख्यासारख्या उलगडतात. पंखांसारखी उठलेली टोके असतील तर त्यांचे वजन बाहेरच्या बाजूला पडून कवच कलंडते. त्यावर उपाय म्हणून आत, नेमक्या खांद्याच्या हाडाच्या मानेकडच्या बाजूला, फोमची एक मऊ गादी चिकटवावी. कवच त्या गादीवर बसते आणि हाडावर टेकत नाही. एका जिवंत देखाव्यात नटाला रात्री तीन तास थांबून थांबून उभे राहायचे होते. त्या वेळी ही गादी मी दिली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर उठलेले वळ पाहून मला लाज वाटली.

मनगटे आणि पिंढऱ्या यांचे शास्त्र एकच आहे : दोन्ही अवयव खालच्या बाजूला निमुळते होतात, म्हणून कवच खाली घसरते. पिंढरीचा पट्टा गुडघ्याच्या लगेच खाली, म्हणजे पोटरीच्या फुगवट्याच्या वर यायला हवा. तेथे पायाचा घेर कमी असतो आणि खालचा फुगवटा पट्ट्याला अडवून धरतो. बहुतेक जण फुगवट्यावरच पट्टा आवळतात आणि मग तो घोट्यापर्यंत प्रवास करतो. दुसरी खबरदारी म्हणून कवचाचा खालचा काठ बुटावर टेकेल इतका लांब ठेवावा, म्हणजे घसरायला जागाच उरत नाही. मनगटाच्या कवचाला मागून आयलेट मारून इलॅस्टिकच्या दोरीने बुटाच्या नाडीसारखे ओवले की ते घालता येते, काढता येते आणि मुठीच्या हालचालीप्रमाणे सैल-घट्ट होते. मांड्यांवरचे भाग असतील तर ते कमरेच्या आतल्या पट्ट्याला उभ्या निवारीने टांगावेत. वर दिसणारा शोभेचा कंबरपट्टा वेगळा. तो आतल्या पट्ट्याला वेल्क्रोने चार ठिकाणी चिकटलेला असावा.

इतके झाल्यावर चिकटद्रव्याकडे येऊ. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळतो, म्हणूनच तो वापरायला सोपा आहे, आणि म्हणूनच उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत चिलखत ठेवले तर त्याचे जोड मऊ पडतात. शिवाय थंड झाल्यावर तो कडक होतो आणि फोम लवचिक राहतो. वाकवले की दोघांची फारकत होते. नक्षी, खोटे खिळे, कंगोरे यांसाठी तो चालतो, पण जेथे ओढ बसते तेथे तो नको. तेथे कृत्रिम रबराचे चिकटद्रव्य वापरावे. फेव्हिकॉल एसआर ९९८ किंवा फेव्हिबॉण्ड या नावांनी ते हार्डवेअरच्या दुकानात आणि चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सापडते. पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी उत्तम, पण तो पाणी निघून गेल्यावर वाळतो आणि फोममधून पाणी निघायला वाट नसते. रबरी द्रव्य दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचे, १० ते १५ मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासे झाले की दोन्ही बाजू एकमेकींवर दाबायच्या. ओले असताना जोडले तर आतील द्रावक अडकून राहतो आणि जोड कच्चा होतो; अधीर मुलांचे काम बिघडते ते बहुधा येथे. एकदा टेकले की ते सुटत नाही, म्हणून एका टोकापासून जुळवत जावे. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे. जवळ उदबत्तीसुद्धा नको, कारण त्याची वाफ पेट घेते. फोमला हीट गनने आधीच शेकून घ्यावे. शेकल्यावर पृष्ठभागाची छिद्रे मिटून किंचित चकाकी येते, आणि गरम असतानाच वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवल्यास गोलाईही कायम राहते. पण चिकटद्रव्य ओले असताना हीट गन सुरू करू नये.

वेल्क्रोविषयी एवढे लक्षात ठेवावे की तो सरळ रेषेत ओढला तर मोठा माणूसही सोडवू शकत नाही, आणि कोपऱ्याला धरून सोलला तर लहान मूलही सोडवते. म्हणून ओढ नेहमी वेल्क्रोच्या पृष्ठभागाला समांतर यावी. पट्टा कडीतून ओवून उलटा फिरवून स्वतःवरच चिकटवला, की ही अट आपोआप पूर्ण होते. चिकटद्रव्याच्या जोडालाही हाच न्याय लागू आहे. प्रश्नकर्त्याच्या पाठीची पट्टी सुटली, कारण ती मागे गोंद असलेली, कागद सोलून लावायची वेल्क्रो होती. तिचे काटे पकडून राहिले असणार. सुटला तो मागचा गोंद, आणि घाम व उष्णता यांपुढे तो सुटणारच. शिवायची वेल्क्रो घ्यावी, ती निवारीवर चारही बाजूंनी शिवून घ्यावी आणि ती निवार फोमला आतून रबरी द्रव्याने निदान ८ ते १० सेंटिमीटर लांबीपर्यंत चिकटवावी. त्यावर कॅनव्हासचा एक चौकोन ठिगळासारखा चिकटवला की ओढ मोठ्या भागावर पसरते.

ठिगळाचे महत्त्व मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलो. फार वर्षांपूर्वी एका पौराणिक नाटकात रावणाच्या छातीच्या कवचाला मी फोममधून थेट रिव्हेट मारले होते. मागे वॉशर नव्हता, ठिगळ नव्हते. भर दरबारात रावणाने हात उंचावून आरोळी दिली आणि रिव्हेट फोममधून लोण्यातून सुरी निघावी तसे निघून आले. नट अनुभवी होता. त्याने डावा कोपर बरगडीला दाबून कवच धरले आणि उरलेला सगळा प्रवेश एका हाताने केला. प्रयोगानंतर एका गृहस्थांनी त्या ‘दर्पयुक्त पवित्र्या’ची मुद्दाम भेटून स्तुती केली. नटाने ती स्वीकारली आणि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तेव्हापासून रिव्हेटच्या दोन्ही बाजूंना वॉशर आणि आतून कॅनव्हास असल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही. आतल्या बाजूला आलेल्या रिव्हेटच्या टोकावर पातळ फोमचा तुकडा चिकटवावा, म्हणजे ते टोचत नाही.

लोहचुंबकाने जोडण्याची कल्पना अनेकांना सुचते. शोभेच्या हलक्या भागांसाठी ती ठीक आहे. वजनाच्या भागांसाठी मी ती वापरत नाही, कारण धक्का लागला की चुंबक आडवे सरकतात. क्लिपचे बक्कल मला सर्वांत विश्वासाचे वाटते. ते कटकन बसल्याचा आवाज येतो आणि अंधाऱ्या विंगेत तो आवाज हीच खात्री असते. बक्कले नटाच्या उजव्या हाताला पोहोचतील अशी, पुढून डाव्या कुशीला ठेवावीत. झग्याला मात्र बक्कल नको आणि गळ्याभोवती बंदही नको. झगा मागच्या निवारीला दोन खांद्यांवर दोन टिच बटणांनी लावावा, म्हणजे कोणाचा पाय पडला तर बटणे सुटतात आणि गळा आवळला जात नाही.

रंगाबद्दल प्रश्न नाही, तरी दोन वाक्ये. लवचिक भागांवर जाड रंगाचे थर देऊ नयेत, ते तडकतात. शेकलेल्या फोमवर ॲक्रिलिकचा काळा रंग आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून फिरवलेली चांदी एवढे पुरते. फोमऐवजी थर्मोकोल वापरू का, असे कोणी विचारले तर उत्तर नाही असे आहे, कारण रबरी द्रव्याने आणि स्प्रेच्या रंगाने थर्मोकोल विरघळतो, आणि आपल्या राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे हेही आहेच. कागदाच्या लगद्याची चिलखते मी पूर्वी आवडीने करत असे, आणि रंगमंचीय प्रकाशात ती फोमपेक्षा अधिक जिवंत दिसतात असे माझे अजूनही मत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या खोलीत शिरले, तेव्हा खालच्या फळीवरील सात चिलखतांचा पुन्हा लगदा झाला. त्यांच्या शेजारची फोमची दोन मात्र चिखल धुऊन, वाळवून त्याच वर्षी वापरता आली. मत बदलले नाही, सामग्री बदलली.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नये. चटईचा फोम हलका असतो, १० मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर तुकडा फार तर किलोभर भरतो, त्यामुळे नटाला वजन जाणवत नाही. जाणवतो तो उकाडा. फोममधून हवा जात नाही. आत सुती बनियन असावे, दोन्ही कुशींना आणि पाठीच्या कण्यालगत बोटभर पोकळी राहील अशा उभ्या फोमपट्ट्या आतून लावाव्यात आणि प्रवेश संपताच छातीचे कवच उघडावे. शिरस्त्राण असेल तर नाकातोंडासमोर खरी भोके हवीत, रंगवलेली नव्हेत, आणि डोळ्यांच्या फटीतून स्वतःचे पाऊल दिसते का हे पायऱ्यांवर चढून-उतरून पाहावे.

१७ दिवसांचे गणित असे बसते. पहिल्या दोन दिवसांत बंडी शिवायला टाकावी आणि छाती-पोटाचा काप करावा. ग्लू गनचे जोड ओढून पाहावेत. जे सुटतात ते सुटू द्यावेत, गोंद खरवडून तेवढेच जोड रबरी द्रव्याने नव्याने करावेत. सगळे चिलखत उसवण्याचे कारण नाही. आठवड्याच्या आत खांदे आणि पिंढऱ्या बंडीवर व पायांवर बसवून एक पूर्ण तालीम चिलखतासह करावी, रंग उडाला तरी चालेल. रंगीत तालमीपर्यंत वाट पाहिली तर दोष कळतात, पण ते दुरुस्त करायला वेळ उरत नाही. प्रयोगाच्या दिवशी विंगेत दाभण, जाड नायलॉनचा दोरा, सेफ्टी पिना, कापडी चिकटपट्टी आणि दोन जादा बक्कले ठेवावीत. कपडे चढवण्याचा क्रमही लिहून भिंतीवर लावावा : पाय आधी, मग बंडी, छाती-पाठ, कंबर, खांदे, मनगटे आणि शेवटी झगा. मनगटे आधी चढवली तर नटाला स्वतःचे बक्कल लावता येत नाही.

आणि त्या तालमीत एक गोष्ट विसरू नये. खलनायक शेवटच्या प्रवेशात मरतो, म्हणजे तो पडतो, आणि चिलखत घालून पडण्याची तालीम सहसा कोणी घेत नाही. नटाने आधी गुडघ्यावर यावे, मग बक्कले नसलेल्या उजव्या कुशीवर कलावे आणि मग पाठीवर जावे. पाठीच्या कवचाचा वरचा काठ मानेच्या मणक्याला लागत असेल तर तो तेथे दोन बोटे खोल, अर्धगोल कापून टाकावा. वरून झगा असल्यामुळे तो काप कोणालाही दिसणार नाही.